वाजवी मुदतीत उत्तर

आमच्या घरातला टाइपरायटर आमचा नव्हता, संस्थेचा होता. संस्थेच्या ऑफिसचं धाबं गळतं म्हणून एका पावसाळ्यात आबांनी तो गोणपाटात गुंडाळून घरी आणला. पुढे धाब्यावर नवी माती पडली, गळणं थांबलं, टाइपरायटर मात्र आमच्याकडेच राहिला. आबा म्हणजे माझे वडील. धरणगावात दोन-चार शेतकरी मंडळींनी मिळून एक माध्यमिक शाळा काढली होती, त्या संस्थेचे ते सचिव. घरची शेती होती, कापूस होता, पण तो बघायला माझा थोरला भाऊ दिलीप होता. आबांचा जीव कागदात. सकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन ते ओट्यावर बसत आणि आल्या-गेल्या प्रत्येक चिठ्ठीची नक्कल करून ठेवत. लग्नपत्रिकासुद्धा ते फाइलला लावत. बारावीनंतर मला टायपिंगच्या क्लासला घातलं ते माझ्या भल्यासाठी, असं ते सांगत. खरं म्हणजे त्यांना नकला करायला माणूस हवं होतं.

दिवाळी झाली की गावातलं जिनिंग सुरू व्हायचं. पहाटे भोंगा, मग दिवसभर घरघर. ती इतकी अंगवळणी पडलेली असे की सुट्टीच्या दिवशी ती थांबली की आई विचारायची, माझ्या कानाला काही झालं का. कापसाचे तंतू हवेत तरंगत आणि कुठेही बसत. दुधावरची साय काढायच्या आधी त्यावरचा कापूस काढावा लागे. त्या जिनिंगमध्ये माझे काका एके काळी मुकादम होते. त्यांना सगळं घर नाना म्हणे. जिनिंगमधल्या एका गुजराती मित्राच्या नादाने ते विलायतेला गेले आणि लेस्टर नावाच्या गावात मोज्यांच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करू लागले. आईला याचं फार नवल वाटे. आमच्या घरात कोणी मोजे घालत नव्हतं.

नानांची पत्रं निळ्या हवाई कागदावर येत. नाना तक्रार करणारे नव्हते. नव्याने तिकडे गेले तेव्हा खिडक्यांत पाट्या असत, खोली देणे आहे, काळ्यांनी विचारू नये. मग कायदा झाला. त्यावर नानांनी लिहिलं होतं, ‘पाट्या गेल्या. आता खोली मी पोचायच्या पाच मिनिटं आधी भाड्याने जाते. बाकी सर्व क्षेम. थंडी आहे. ज्वारीच्या बिबड्या मिळाल्या, चुरा झाला होता, चमच्याने खाल्ल्या.’ आबा हे पत्र ओट्यावर मोठ्याने वाचत, आणि ऐकणारी मंडळी इंग्रजांच्या नावाने मान हलवत.

एका पत्राबरोबर मात्र जाड पाकीट आलं. नानांनी कारखान्यात सुपरवायझरच्या जागेसाठी तिसऱ्यांदा अर्ज केला होता आणि तिसऱ्यांदा ती जागा नानांनीच काम शिकवलेल्या एका गोऱ्या माणसाला मिळाली होती. नानांनी लिहिलं होतं, ‘इकडे असा कायदा आहे की, वर्ण, वंश पाहून नोकरीत डावं-उजवं करता येत नाही. पण मालक कधी म्हणत नाही की मी वर्ण पाहिला. म्हणून एक छापील फॉर्म आहे. आपण काय घडलं ते लिहायचं, आणि मालकाला प्रश्न विचारायचे. उत्तर देण्याची सक्ती नाही. पण वाजवी मुदतीत उत्तर दिलं नाही, किंवा गोलगोल दिलं, तर ट्रायब्युनल त्याचा काय तो अर्थ काढायला मोकळं.’ सोबत भरलेल्या फॉर्मची नक्कल होती.

आबांना आयुष्यात इतका आवडलेला कागद दुसरा नसेल. सक्ती नाही, पण गप्प बसलात तर अर्थ काढू, हे त्यांनी आठवडाभर येईल त्याला सांगितलं. दूधवाल्यालाही सांगितलं. मग शाळेतल्या इंग्रजीच्या गुरुजींकडून त्याचं मराठी करून घेतलं आणि माझ्याकडून त्याच्या पाच प्रती काढून घ्यायचं ठरवलं. कशाला, ते मी विचारलं नाही. पाचांतल्या दोन मी काढल्या आणि तीन प्रमिलाने.

प्रमिला माझ्याबरोबर क्लासला होती. भीमनगरात राहायची. तिचे वडील तुळशीराम जिनिंगमध्ये गाठी बांधायचे. मी तिच्याशी अहिराणीत बोले, ती उत्तर शाळेतल्या मराठीत देई. क्लासमध्ये मशीन दिवसातून एक तास मिळे, म्हणून ती सरावाला आमच्याकडे यायची. ती आली की मी आणि दिलीप टाइपरायटर दोन बाजूंनी धरून ओट्यावर आणत असू. ते लोखंडी धूड होतं. एकदा दिलीपच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं आणि नख काळं झालं. आत उजेड कमी आहे, असं आई म्हणे. चैत्रात ओट्यावर इतका उजेड असे की पांढऱ्या कागदावरची अक्षरं दिसत नसत. प्रमिला डोळे बारीक करून टाइप करायची, झालं की मशीनवर गोणपाट टाकायची आणि आम्हाला हाक मारायची. आमच्या घरात जातपात पाळत नव्हते, असं आम्ही सगळेच सांगत असू. मशीन उचलताना मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. आता वाटतं, त्याचा काही उपयोग नाही.

नानांना एक पुरावा हवा होता. माणसं हाताखाली सांभाळायचा अनुभव नाही, असं कंपनी म्हणत होती. जिनिंगमध्ये नानांच्या हाताखाली आठ माणसं होती, पण मालक बदलला होता आणि जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली होती. आठांपैकी गावात उरले होते एकटे तुळशीरामबाबा. आबांनी त्यांना बोलावून घेतलं. ते ओट्याच्या कडेला बसले, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आबा, नाना चांगला मुकादम व्हता. आठ जन व्हतूत आम्ही त्याना हातखाले. कोठे सही करनी शे?” दुसऱ्या दिवशी ते आबांबरोबर एरंडोलला गेले, कामाचा खाडा करून, आणि वकिलासमोर प्रतिज्ञापत्रावर सही करून आले. त्याची नक्कलही मीच टाइप केली.

महिन्या-दोन महिन्यांत कंपनीचं उत्तर आलं, ते नानांनी पाठवलं. गुरुजींनी त्याचं मराठी केलं आणि नक्कल मी टाइप केली. उमेदवार कामात उत्तम आहे, परंतु इतर मंडळींमध्ये मिसळून जाण्याच्या दृष्टीने निवड झालेला उमेदवार अधिक योग्य वाटला, असं त्यात होतं. आबांनी ते ओट्यावर दोनदा वाचलं. “पंधरा वरीस त्यासनामाच काम करी राहयना नाना,” ते म्हणाले, “आखो कितला मिसळाले जोयजे त्यानी?” सगळे हसले. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला प्रमिला टाइप करत होती. तिने मान वर केली नाही, पण मशीनचा आवाज थोडा वेळ थांबला होता.

त्याच सुमारास शाळेत कनिष्ठ लिपिकाची जागा निघाली. मला ती नोकरी हवी होती, आणि का हवी होती ते सांगितलंच पाहिजे. शिंदखेड्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बघायला आला आणि सगळा वेळ आमच्या बैलजोडीकडे बघत बसला; जाताना बैलांचं वय विचारलं, माझं विचारलं नाही. घरच्यांना स्थळ पसंत होतं. नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही, असं आबांनी मला कबूल केलं होतं. मी रात्रंदिवस बोटांनी भाकरीच्या परातीवर टाइप करत असे.

अर्ज पुष्कळ आले, पण टायपिंगची परीक्षा पास असलेल्या आम्ही दोघीच. शाळेच्या हॉलमध्ये चाचणी झाली. हेडमास्तर हातात घड्याळ घेऊन उभे होते. अट मिनिटाला तीस शब्दांची होती. माझे एकतीस आले, वर चुका. प्रमिलाचे सत्तेचाळीस आले. चाचणी संपल्यावर तिने माझा कागद पाहिला आणि म्हणाली, “तू मनगट टेकवतेस, म्हणून अडतं तुझं.” हे ती मला क्लासमध्येही सांगायची. ते खरं होतं.

संस्थेच्या सभेत काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण तिचं इतिवृत्त पुढे मीच टाइप केलं. माझं नाव निघाल्यावर आबा उठून व्हरांड्यात गेले, कारण नियम तसा आहे. आत बाकीच्यांनी ठरवलं की दोघी पात्र आहेत, आणि दोघी पात्र म्हटल्यावर वेगाचा प्रश्न उरत नाही. मग एक सभासद म्हणाले, जागा खुली आहे. प्रमिलाला तिच्या राखीव जागेवर कुठेही मिळेल, खुली आपल्या पोरीला राहू द्या. यात कोणालाच काही गैर वाटलं नाही. खुली जागा म्हणजे आपली, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नसे. कोणाच्या मनात कपट होतं असंही नाही. ते सगळे भले लोक होते आणि लगेच चहाही आला.

निकाल कळला त्या दिवशी आईने शेवभाजी केली. चार दिवसांनी भर दुपारी प्रमिला नेहमीसारखी आली आणि मशीन हवंय म्हणाली. मी दिलीपला हाक मारली. आम्ही मशीन बाहेर आणलं. ती पाऊण तास टाइप करत होती. मग तिने गोणपाट टाकलं, हाक मारली आणि गेली. दोन दिवसांनी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला, पोच पावतीसह. आबांनी पावतीवर सही केली, कारण रजिस्टर पत्रं त्यांना मनापासून आवडत.

आत आमच्याच मशीनवर टाइप केलेली प्रश्नावली होती. मांडणी नानांच्या फॉर्मची, एकही चूक नाही. प्रश्न पाच. टायपिंग चाचणीत दोन्ही उमेदवारांचा वेग किती होता. जागा खुली होती. खुली जागा कोणाकोणासाठी असते असे संस्था मानते. संस्था स्थापन झाल्यापासून ऑफिसात, शिपाई वगळता, आमच्या समाजाची किती माणसे नेमली गेली. मला न नेमण्याचे कारण काय. हे कारण निवडीच्या आधी ठरले की नंतर. आणि खाली दोन ओळी: ‘हा कायदा येथे लागू नाही याची मला कल्पना आहे. वाजवी मुदतीत उत्तर मिळावे.’

आपल्याकडे घटना आहे, कोर्ट आहे, हे सगळं प्रमिलाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण कोर्टाची पायरी चढायला वकील लागतो, आणि साध्या टपालाने ‘का’ असं विचारायचा फॉर्म आपल्याकडे नव्हता. तो तिने आमच्या ओट्यावरून घेतला.

आबा दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरले. दुसऱ्या कोणी सचिवाने पत्र फाइलला लावून विषय संपवला असता. पण उत्तर न देण्याचा काय अर्थ होतो हे आबांनी दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला मशीनजवळ बसवलं. पहिल्या तीन प्रश्नांना त्यांनी हात लावला नाही. चौथ्यापासून सुरुवात केली. ‘निवड झालेल्या उमेदवारास संस्थेच्या टाइपरायटरवर काम करण्याचा अनुभव आहे.’ मी टाइप केलं. मग दोघांनाही आठवलं की प्रमिलाला तो माझ्याइतकाच आहे, आणि तोही उन्हात. आबांनी कागद काढून घेतला. दुसरा घातला. ‘निवड झालेल्या उमेदवाराचे घर शाळेपासून जवळ आहे.’ भीमनगर शाळेच्या कुंपणाला लागून होतं. तोही कागद गेला.

तिसरा कागद घातल्यावर आबा एका दमात म्हणाले, ‘उमेदवार कामात उत्तम आहे, परंतु शाळेतील इतर मंडळींमध्ये मिसळून जाण्याच्या दृष्टीने’. मी टाइप केलं आणि थांबले. ही ओळ मी आधी टाइप केली होती, नानांच्या वेळी. माझ्या बोटांना ती पाठ होती. आबांच्याही लक्षात आलं. त्यांचा चेहरा असा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मला त्यांची दया आली, हे खरं. पण त्याहून जास्त भीती वाटली. आता हे खरं उत्तर लिहितील, अशी भीती.

“बाई,” ते म्हणाले. ते मला लाडाने बाई म्हणत. “काय लिखू आते? तू काय म्हनस?”

मला कोणी काही विचारायची घरात पद्धत नव्हती. भाजी कोणती करायची हेसुद्धा विचारत नसत. ती एकच वेळ. मी म्हटलं असतं, खरं लिहा, तर आबांनी लिहिलं असतं, असं मला आजही वाटतं. ते कागदाशी खोटं बोलणारे नव्हते. तीनदा प्रयत्न करून त्यांना जमलं नव्हतं. मला शिंदखेड्याचा तो मुलगा दिसला, आमच्या बैलांच्या दातांकडे बघणारा. मी म्हणाले, “राहू द्या आबा. जेवाले चला.”

ते उठले. कागद मीच मशीनमधून काढला आणि चुलीत घातला.

नंतर नानांचं पत्र आलं. सुनावणीच्या आधीच कंपनीने पडतं घेतलं होतं. नाना सुपरवायझर झाले होते आणि कंपनीने माफीचं पत्र दिलं होतं. नानांनी लिहिलं होतं, ‘तुळशीरामच्या कागदाने काम केलं. त्याला माझा नमस्कार सांगा.’ आबांनी पेढे आणवले, पत्र ओट्यावर वाचलं, नमस्काराची ओळसुद्धा वाचली. ती त्यांनी गाळली नाही. पण आवाज नेहमीचा नव्हता. तुळशीरामबाबांना निरोप गेला होता, तेही आले. त्यांनी पेढा घेतला, खाल्ला, हात धोतराला पुसले. “नानाले जवाब भेटना, बरं व्हयनं,” ते म्हणाले. मग, कोणावर राग नसल्यासारखं, “मन्ही आंडेरना बाकी शे.” आंडेर म्हणजे लेक. आईने आतून विचारलं, अजून एक पेढा देऊ का. बाबा नको म्हणाले आणि जिनिंगच्या भोंग्याला गेले.

प्रमिला पुन्हा आमच्या ओट्यावर आली नाही. वर्ष-दीड वर्षात तिला धुळ्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली. आमच्या गल्लीत म्हणाले, त्या लोकांचं बरं आहे. तिचा वेग सत्तेचाळीसचा होता, हे मी तेव्हा सांगू शकले असते. मी तेव्हा डबा घेऊन शाळेत निघाले होते आणि उशीर झाला होता.

मी त्या खुर्चीवर अडतीस वर्षं बसले. लग्न दोन वर्षांनी केलं, जळगावच्या एका शिक्षकाशी, माझ्या पसंतीने, आणि संसार बरा झाला. काम चोख केलं, असं सगळे म्हणतात. मनगट टेकवायची सवय तेवढी शेवटपर्यंत गेली नाही. रुजू झाले त्या दिवशी आबांनी संस्थेची टपालं माझ्यापुढे ठेवली आणि आवक रजिस्टरला चढवायला सांगितली. त्यात प्रमिलाचं पत्र होतं. त्यांनी ते लपवलं नाही, फाडलं नाही. आबांना ते जमण्यासारखं नव्हतं. मी क्रमांक घातला, तारीख घातली, विषय लिहिला. शेवटच्या रकान्यात काय कार्यवाही केली ते लिहायचं असतं. तो मी कोरा सोडला. आबा गेले, नाना गेले, तुळशीरामबाबा गेले. सेवानिवृत्तीच्या वेळी नव्या लिपिकेला चार्ज देताना तिने जुनी रजिस्टरं चाळली आणि मला विचारलं, मॅडम, हे एक पत्र तसंच राहिलंय का. मी म्हटलं, हो. तिने विचारलं, महत्त्वाचं होतं का. मी म्हटलं, रजिस्टर पोस्टाने आलं होतं.

त्या पत्राला उत्तर देण्याचा अधिकार सचिवांचा होता, माझा नव्हता. आता मी नोकरीत नाही, तेव्हा अधिकाराचा प्रश्न उरलेला नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर, प्रमिला सत्तेचाळीस, मी एकतीस. दुसऱ्याचं, खुली जागा आमची, असं संस्था मानत होती आणि मीही मानत होते. तिसऱ्याचं, एकही नाही. चौथ्याचं, मला ती नोकरी हवी होती आणि माझे वडील सचिव होते. याखेरीज दुसरं कारण नव्हतं. पाचव्या प्रश्नाचं उत्तर, नंतर. कागदावरचं कारण तीन वेळा ठरलं, आणि तिन्ही वेळा टाइप मी केलं.